येसनाकाचा ठसा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिनं एकदा विचारलं होतं, प्रल्हाद हल्ली घरी येत नाही, भांडलात का? मी म्हणालो, शिफ्ट बदलली त्याची. शिफ्ट खरंच बदलली होती. त्यानं ती का बदलून घेतली, ते मात्र मी गिळलं. आज पंचवीस-तीस वर्षं होत आली, गिळलेलंच आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. धाडस वगैरे म्हणू नका याला. तो शब्द माझ्या वाट्याचा नाही.

कुठून सुरू करू? प्रल्हादपासूनच करतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. तो टूलरूममध्ये फिटर, मी तपासणी खात्यात. त्यानं घासलेला तुकडा माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो मापायचो. त्याचा एकही तुकडा मी कधी परत पाठवला नाही. पाठवायची वेळच यायची नाही. पत्र्यावर नखाएवढा ओरखडा असला तरी तो उजेडात तिरपा धरून सांगायचा, भाऊ, हे बघा. मला भिंगातूनही दिसायला वेळ लागायचा.

रविवारी आम्ही भटकायचो. मोटारसायकल माझी, नजर त्याची. शिंगणापूरच्या रस्त्याला भाविकांच्या जीपगाड्यांची रांग लागलेली असायची, आम्ही त्यातून निसटून एखाद्या गाडीवाटेला वळायचो. ज्वारीच्या रानात एकटाच उभा असलेला मिनार — मशीद नाही, काही नाही, नुसता मिनार. विहिरीच्या काठाला उलटा बसवलेला फारसी लेख. अर्धी जमिनीत गेलेली तोफ, तिला म्हैस बांधलेली. एके ठिकाणी तर इंग्रजांच्या काळातल्या मैलाच्या दगडाला शेंदूर फासून लोकांनी देव केला होता, त्यावरचा आकडा शेंदरातून अजून दिसत होता. किती हसलो होतो आम्ही तेव्हा!

मग मी या भटकंतीवर लिहायला लागलो. नगरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत, माझ्या नावानं. प्रल्हादचं नाव त्यात यायचं नाही. ‘सोबत माझे एक मित्र होते’ एवढं यायचं. त्यानं कधी तक्रार केली नाही. लोक मला रस्त्यात थांबवून ‘सर’ म्हणायला लागले. कारखान्यात मी कुणाचा सर नव्हतो. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे आज लिहितानासुद्धा अंगावर येतं.

प्रल्हादचं गाव तिसगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. नाव सांगत नाही, त्या गावाला माझ्यामुळं पुरेसा त्रास झालाय. दोन वर्षं तो म्हणत होता, भाऊ, आमच्या वस्तीत एक दगड हाय, बघायला चला. आणि दोन वर्षं मी टाळत होतो. का टाळत होतो? दर वेळी काहीतरी कारण निघायचं — टायर, पाहुणे, पाऊस. खरं कारण असं की वस्तीत काय असणार, असं मला आतून वाटायचं. मी शेतकऱ्याच्या, चार एकर का होईना जमीन असलेल्या घरातला. प्रल्हाद माझ्या ताटाशेजारी बसून माझ्या घरी जेवायचा, आणि ते मी करू देतो याचाच मला अभिमान होता. समजतंय ना, मी कसला माणूस होतो ते?

शेवटी एका थंडीतल्या सकाळी गेलो. बौद्ध वस्तीच्या कडेला, हापशाजवळ, तो दगड उभा होता. वीरगळ. लढाईत मेलेल्या माणसासाठी पूर्वी असे दगड उभारायचे. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि गाई, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या बाया, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. असे दगड आम्ही डझनांनी पाहिले होते. पण या दगडाच्या मधल्या पट्टीवर काहीतरी खरडलेलं होतं. अक्षरं असलेला वीरगळ मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

प्रल्हादची आत्या, भागूआत्या, दगडाशेजारीच राहायची. सत्तरीची बाई, काटकुळी, कपाळ मोकळं. तिनं गोष्ट सांगितली. पहाटेच्या पारी लुटारू गुरं न्यायला आले, गावानं कवाडं लावून घेतली, आणि येसू बाबा एकटा येशीत उभा राहिला. येस म्हणजे गावाची वेस. राखण त्याचीच होती. गुरं वाचली, तो पडला. मी विचारलं, आत्या, तुम्ही तर धम्म घेतलेला, मग या दगडापुढं फूल कसं? तिनं माझ्याकडं बघितलं ते आजही आठवतं.

“छप्पन सालाच्या मागनं आमी समदे देव नदीत सोडले. मरीआई सोडली, खंडुबा सोडला. ह्यो न्हाई सोडला. ह्यो देव न्हवं बाबा, ह्यो आमचा मानूस हाय.”

प्रल्हादनं पट्टी ओल्या फडक्यानं पुसली, सुकू दिली, खडूची पूड हलक्या हातानं चोळली. ऊन अजून तिरपं होतं. अक्षरं एकेक करून वर आली. माझ्याआधी त्याला दिसली, नेहमीसारखीच. पहिल्या ओळीत ‘स्वस्ति श्री’. दुसरीत — ये, स, ना, क. तिसरीत गाईंसाठी पडला, अशा अर्थाचं काहीसं.

येसनाक. जुन्या काळी महार वीरांच्या नावाला हा ‘नाक’ लागायचा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. प्रल्हाद मातीत खाली बसला. मग उठला, आत्याचं बोट धरलं आणि अक्षरांवरून फिरवायला लागला. हा ये, आत्या. हा स. ती म्हणाली, “मला कशाला वाचून दावतो? मला ठावं हाय की.” आम्ही तिघंही हसलो. ती माझ्या आयुष्यातली फार चांगली सकाळ होती. ती चांगली होती, हेही मला कबूल केलं पाहिजे. नासवलं ते काय होतं, हे तुम्हाला कळायला हवं.

कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसचा पातळ कागद आम्ही नेलेला होता. तो दगडावर ताणून, कोळशाच्या पुडीनं घासून प्रल्हादनं ठसा घेतला. काळ्यावर पांढरी अक्षरं, स्वच्छ. फोटोही मी काढला, पण फोटोत अक्षरं येत नाहीत हे आम्हाला अनुभवानं माहीत होतं. ठशाची गुंडाळी माझ्या हातात देत तो म्हणाला, “भाऊ, जसं हाय तसं छापा.”

मी म्हणालो, म्हणजे काय! तसंच छापणार.

निघताना पाटलांचा गडी आला. आबांनी जेवायला बोलावलंय, तुम्ही पेपरात लिहिता ना? प्रल्हाद लगेच म्हणाला, “तुम्ही जावा, मी आत्याकडं खातो.” तो असं का म्हणाला, हे मला कळलं होतं. चल रे माझ्याबरोबर, असं मी म्हणालो का? नाही. मला हायसं वाटलं.

आबा म्हणजे गावचे पाटील, वजनदार माणूस. नवा बंगला, चकचकीत फरशी. त्यांनी एक फाईल आणून माझ्यापुढं ठेवली. तिच्यात माझ्या सगळ्या लेखांची कात्रणं, तारखेनुसार लावलेली. माझ्या घरातसुद्धा कुणी ती ठेवली नव्हती. कोंबडी होती, बाजरीची भाकरी होती, आणि ती फाईल होती. मी विरघळलो. जेवताना त्यांनी विचारलं, दगडावर काय निघालं? मी सांगितलं, येसनाक.

“नाक?” आबा हसले. “नाईक असंल हो. आमचा मूळ पुरुष येसाजी नाईक. आजोबा सांगायचे, गुरांपायी पडला म्हणून. दगड झिजला की एखादं अक्षर उडतंच.”

मग म्हणाले, या लेखांचं पुस्तक व्हायला पाहिजे, आपण मोठा कार्यक्रम घेऊ. बस, एवढंच. कुणी मला दम दिला नाही. कुणी माझ्याकडं खोटं मागितलंसुद्धा नाही. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, “असू शकतं.”

घरी टेबलावर ठसा पसरून मी लिहायला बसलो. माझा धंदाच मापायचा. ‘ना’ आणि ‘क’ यांच्यामध्ये ‘ई’ला जागा नव्हती. दोन्ही अक्षरं एकमेकांना खेटून होती. झीज नव्हती, टवका नव्हता. मी फूटपट्टीनं मोजलंसुद्धा — कशासाठी मोजलं? खात्री होती ना? — आणि मग लिहिलं, ‘येसनाईक’. पुढं दोन परिच्छेद पाटील घराण्याच्या परंपरेवर. आत्याची गोष्ट मी तशीच वापरली. फक्त ती ‘गावातील वृद्ध सांगतात’ अशी आली.

रविवारी लेख छापून आला. सोमवारी प्रल्हाद पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी आला. चिडलेला नव्हता.

“भाऊ, छापणाऱ्याची चूक झाली का?”

पळवाट त्यानंच काढून दिली बघा. मी ती घेतली. हो रे, म्हणालो, छपाईची चूक, पुढच्या रविवारी दुरुस्ती टाकतो. पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचा गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, मिटलं.

महिन्याभरानं वस्तीत ट्रॅक्टर आला. पाटलांच्या मूळ पुरुषाचा दगड हापशाजवळ, वस्तीत कसा? तो भैरोबाच्या आवारात बसवायचा ठराव झाला होता. बाया दगडाभोवती बसून राहिल्या, भागूआत्या सगळ्यात पुढं. ट्रॅक्टर परत गेला, पण प्रकरण तालुक्याला गेलं. पावसाळा सरता सरता ग्रामपंचायतीपुढं बैठक बोलावली आणि मला निरोप आला — तुम्ही अभ्यासक, तुम्ही या.

निघताना मी ठसा पिशवीत घातला. का घातला? खरं सांगायचं ठरवून? मला तसं म्हणायला आवडेल. पण तो घरी कुणाच्या हाती लागू नये, म्हणूनही घातला असेल. मला आज खरंच सांगता येत नाही.

बैठक भर दुपारची. आधी सगळे दगडापाशी गेले. डोक्यावरच्या उन्हात तो पार सपाट दिसत होता, अक्षराची सावलीसुद्धा नाही. प्रल्हाद तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्याला म्हणाला, साहेब, उद्या सकाळी या, तिरप्या उन्हात मी वाचून दाखवतो. अधिकाऱ्यानं विचारलं, आपण काय करता? फिटर आहे, साहेब. कुणीतरी मागं हसलं. अधिकारी माझ्याकडं वळला, लेखक काय म्हणतात?

मी काही बोलायच्या आत प्रल्हाद म्हणाला, “साहेब, ठसा ह्यांच्याकडं हाय. त्यात समदं वाचाया येतं.”

तो किती विश्वासानं म्हणाला ते तुम्हाला कसं सांगू? छपाईच्या चुकीवर त्याचा विश्वास राहिला नसेल. तरी ठशावर होता. चारचौघांत, कागद पुढ्यात असताना, हा माणूस खोटं बोलणार नाही, एवढा माझ्यावर होता. पिशवी माझ्या खांद्याला होती. गुंडाळीचं टोक माझ्या बरगडीला लागत होतं. आबा माझ्याकडं बघत नव्हते, पानाला चुना लावत होते. भागूआत्या बघत होती.

मी म्हणालो, “ठसा पावसात भिजला. फाटला. पण मी वाचलाय तो — नाईकच आहे.”

संपलं. पाच मिनिटांत निकाल लागला. प्रल्हादनं माझ्या पिशवीकडं बघितलं. फक्त एकदा.

पुढच्या आठवड्यात दगड वाजतगाजत भैरोबाच्या आवारात गेला. त्याला तेलात कालवलेला शेंदूर चढला, थरावर थर, आणि पट्टी बुजली. येसनाकाचा देव झाला. आपल्या माणसाला हात लावायचा तर आता भागूआत्याला भैरोबाच्या पुजाऱ्याला विचारावं लागलं असतं. ती गेली नाही. त्या हंगामात वस्तीतल्या कुणाला गावच्या रानात काम मिळालं नाही. कुणी जाहीर काही केलं नाही, नुसतं कुणी बोलावलं नाही. दिवाळीनंतर वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला निघाली. भागूआत्याही, पोराच्या कुटुंबाबरोबर. सत्तरीच्या बाईनं तिथं काय करायचं? कोपीवर, म्हणजे फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायच्या आणि राखण करायची.

ती मंडळी जायच्या आदल्या दिवशी प्रल्हाद माझ्या घरी आला. बायकोनं चहा केला. चहा घेऊन झाल्यावर, ती आत गेल्यावर, तो हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, मला भांडायचं न्हाई. ठसा भिजलेला असूंदे, फाटका असूंदे. एखादा तुकडा असला तरी द्या. आत्या म्हनती, तेवढा संगं नेते.”

ठसा त्याच्या पाठीमागच्या कपाटात होता. कोरडा. अखंड. हात लांबवला असता तर मिळाला असता.

आता तरी द्यायला काय हरकत होती? दगड गेला होता, निकाल लागला होता. पण कागद बाहेर गेला की मी खोटारडा ठरणार होतो. पुस्तक छापायला गेलं होतं. मी म्हणालो, “काही राहिलं नाही रे. टाकून दिला.”

तो उठला. “बरं,” म्हणाला. दारात चपला घालताना त्याचा हात चौकटीवर होता. त्या हाताची काळी नखं मी बघत बसलो, कारण तोंडाकडं बघवत नव्हतं.

आणि हे अजून शेवटचं नाही. दुसऱ्या दिवशी मी ठसा डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेला. आमच्याकडं हत्यारांना पाणी द्यायची, म्हणजे ती तापवून कडक करायची भट्टी होती. जेवणाच्या सुट्टीत तिथं कुणी नसतं. दार उघडलं आणि गुंडाळी आत टाकली. पातळ कागद तो, टाकतो न टाकतो तोच गेला. भट्टीशेजारच्या मांडणीवर प्रल्हादनं सकाळी घासून ठेवलेले, पत्र्याला भोकं पाडायचे पंच होते, ओळीनं लावलेले. मी दार लावलं आणि डबा खायला गेलो.

भागूआत्या फेब्रुवारीत फडावरच वारली. ताप होता, एवढंच कळलं. प्रल्हाद चार दिवस रजेवर होता. परत आल्यावर त्यानं शिफ्ट बदलून घेतली. पुस्तक निघालं, कार्यक्रम झाला, शाल मिळाली. त्यात येसनाईकाचं प्रकरण पहिलंच आहे. भैरोबाच्या आवारातल्या फलकावर त्यातलाच मजकूर आहे, खाली माझं नाव आहे. मी पुन्हा काही लिहिलं नाही. त्याला प्रायश्चित्त समजू नका. प्रल्हादशिवाय मला दगडावरचं काही दिसतच नव्हतं, हे खरं कारण.

शतक संपायच्या आदल्या वर्षी, एका सकाळी, नगरच्या एसटी स्टँडवर तो मला भेटला. बरोबर त्याची मुलगी, कॉलेजात इतिहास शिकणारी. मी लांबूनच वळणार होतो, पण तिनं मला ओळखलं.

“जय भीम, काका. तुमचं पुस्तक आमच्या लायब्ररीत आहे. बाबा सांगतात, त्यातलं ‘नाईक’ ही छपाईची चूक; तो ठसा पावसात भिजला, नाहीतर ‘येसनाक’ आहे हे काकांनीच सिद्ध करून दाखवलं असतं.”

मी प्रल्हादकडं बघितलं. तो गाड्यांच्या पाट्या वाचत होता. सहा-सात वर्षं त्यानं माझं खोटं माझ्यासाठी सांभाळून ठेवलं होतं, स्वतःच्या लेकीपासूनसुद्धा. की त्यालाही तेच खरं मानायचं होतं? मी कधी विचारलं नाही.

“पण काका,” ती म्हणाली, “तुम्ही तो स्वतः वाचला होता ना? मी त्या दगडावर लिहितेय. तुम्ही काय वाचलंत, एवढं दोन ओळींत लिहून द्याल?”

तिच्या हातात वही होती, पेन होतं. आबा वारले होते. बैठक नव्हती, अधिकारी नव्हता, पुस्तक विस्मरणात गेलं होतं. माझं कुणीही काहीही वाकडं करणार नव्हतं. ती वही उघडून पान शोधत होती.

मी म्हणालो, “फार वर्षं झाली गं. आठवत नाही.”

प्रल्हाद म्हणाला, “चल, गाडी लागली.” माझ्याकडं न बघता त्यानं मान किंचित हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मुलगी “बरं, काका” म्हणाली, वही मिटली आणि त्याच्यामागं गेली. तिसगावची गाडी होती. त्यांना जागा मिळाली, खिडकीची.

मी घरी गेलो. जेवलो. दुपारी मला झोपही लागली.